बाराच्या शोचा साक्षीदार

नव्वदच्या दशकाची शेवटची आणि त्यापुढची काही वर्षं मी गडचांदूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. गाव सिमेंटच्या कारखान्यांचं. कौलांवर, बाभळीच्या पाल्यावर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढुरकी धूळ बसलेली असायची. दुपारी चुनखडीच्या खाणीत ब्लास्टिंग झालं की माझ्या केबिनच्या काचा थरथरायच्या. मी मूळचा चंद्रपूरचा. अब्बांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मी तिथंच बसावं अशी त्यांची इच्छा होती. शुक्रवारी नवीन पिक्चर लागायचा, बाराचा शो आणि जुम्याची नमाज एकाच वेळी यायची. त्यामुळं अब्बांनी या नोकरीला कधी चांगलं म्हटलं नाही.

लग्न झालं होतं, पण ते दोन वर्षंही टिकलं नाही. बायकोला इथली धूळ सोसवत नव्हती असं मी लोकांना सांगायचो. खरं असं, की मी कामावरून खोलीवर आलो तरी तोंड उघडायचो नाही. सकाळपासून यंत्राच्या खडखडाटात बसलेल्या माणसाला बोलायची सवय राहत नाही. ती एकदा म्हणाली, "इथी मी भिंतीसंगं राहून राह्यली." आणि माहेरी गेली. नंतर मी टॉकीजच्या मागच्या खोलीत राहायला आलो.

ऑपरेटरचं काम म्हणजे शेकडो माणसांच्या डोक्यावर एकट्यानं बसणं. भिंतीत हातभर रुंदीचं भोक, त्यातून पडदा दिसतो आणि खाली माणसांची डोकी. लोक हसले तर ते आपल्याला काचेपलीकडून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. त्यांच्याबरोबर हसावं तर रीळ बदलायची वेळ झालेली असते.

एका उन्हाळ्यात अमरावतीहून आलेल्या रिळांच्या पेटीत वेगळाच पिक्चर निघाला. मालकांनी तो स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता. त्यात एकही गाणं नव्हतं, ओळखीचा एकही चेहरा नव्हता. गोष्ट साधी होती. नदीकाठी नाव चालवणारा एक म्हातारा. त्याचं थोडं वावर, आणि त्या वावरातून मोठा रस्ता जाणार असतो. दोन मुलं आणि थोरली सून कागदावर त्याच्या अंगठ्यासाठी मागं लागतात. म्हातारा देत नाही. तो आजारी पडतो, अंथरुणाला खिळतो. त्याच्या उशाशी पाण्याचा गडवा असतो. सून रोज झाडताना तो गडवा वीतभर लांब ठेवते. कोणी कोणाला काही सांगत नाही. तिघांनाही कळत असतं आणि तिघंही आपापलं काम करत असतात. एके दिवशी म्हाताऱ्याचा हात पोचत नाही.

अकराव्या रिळात तो मरून पडलेला असतो आणि त्याची मूठ घट्ट मिटलेली असते. थोरला मुलगा मूठ उघडायला बघतो, उघडत नाही. सून तेल आणते. तेल चोळून चोळून ते एकेक बोट सोडवतात आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबतात. सगळ्यात वाईट काय होतं, तर ते हे सारं फार निगुतीनं करतात, लहान मुलाच्या हातात काकण घालावं तसं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दिव्यातली जळत जाणारी कार्बनची कांडी पुढं सारायची विसरलो आणि पडदा पिवळा पडत गेला. एरवी खालून शिव्या आल्या असत्या. त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. ओरडायला खाली फारसं कोणी नव्हतंच.

त्या रिळात एक शेजारी आहे. कागदावर साक्षीदार लागतो म्हणून त्याला बोलावलेलं असतं. तो आत येत नाही, दारातच उभा राहतो.

शुक्रवारच्या बाराच्या शोला थर्ड क्लासमध्ये जेमतेम वीसेक माणसं होती. त्यातली निम्मी मध्यंतरानंतर परतली नाहीत. शेवटच्या ओळीत भिंतीला लागून एक पन्नाशीचा माणूस बसला होता. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, पायाशी कापडी पिशवी. अकराव्या रिळात, सून तेल आणायला उठली तेव्हा, तो उठला आणि बाहेर गेला.

शनिवारी तो पुन्हा आला. तीच जागा. त्याच ठिकाणी उठला. रविवारीही तसंच. इतक्या वर्षांत एकच पिक्चर रोज पाहणारे मी पुष्कळ पाहिले होते, पण ते हिरॉईनसाठी यायचे किंवा मारामारीसाठी. आणि कोणी शेवट सोडून जात नसे.

सोमवारी तो उठून गेल्यावर पुढचं रीळ लावून मी केबिनच्या मागच्या जिन्यावर गेलो. तो खाली सायकल स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. शो सुटला, लोक निघून गेले, तरी तो तिथंच. मी खाली उतरलो आणि चहाच्या टपरीवर दोन चहा सांगितले. एक त्याच्यापुढं धरला. मी असं कधी करत नसे.

"तुमी इथले काय?" त्यानं विचारलं.

"वरच्या मशीनवर असतो."

तो एकदम सावरून बसला. "मंग तुमाले अख्खा पिक्चर पाठ असन."

"हो."

"बुढ्याचा अंगठा घेतात, त्याच्यानंतर काय होते भाऊ?"

मी सांगितलं. रस्ता होतो, मुलं पक्कं घर बांधतात, मग धाकटा थोरल्याला नावेतून पलीकडं नेतो आणि एकटाच परत येतो. सून त्याला पाणी देते. तो गडव्याकडं बघत राहतो आणि पीत नाही. तिथं पिक्चर संपतो.

त्यानं हे नीट ऐकलं नसावं. "तो दारातला माणूस," तो म्हणाला. "त्याचं काय होते?"

मला आठवावं लागलं. अकराव्या रिळाच्या शेवटी जेमतेम एक तुकडा आहे. शेजारी कागदावर सही करतो, घरी येतो, बायको ताट वाढते, तो बसतो.

"तो जेवतो," मी म्हटलं.

"जेवते?"

"हो. मग त्याला परत दाखवत नाहीत."

"कोणाले सांगत नाई काई?"

"नाही."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. चहा तसाच होता. पिशवी उचलून तो निघाला आणि दहा पावलं जाऊन परत आला. "त्या पिक्चर काढणाऱ्याले कसं माहीत पडलं असन?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मनातून काढली असेल गोष्ट. त्यानं मान हलवली. पटलं नाही, हे दिसत होतं.

मंगळवारी तो शो सुरू व्हायच्या आधीच जिन्यावर येऊन थांबला. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही असा नियम होता. मी त्याला घेतलं. पिंपावर गोणपाट टाकून बसायला जागा दिली. यंत्र सुरू होतं, त्यामुळं त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि असल्या गोष्टी मोठ्यानं बोलणं फार अवघड असतं. तो एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा.

त्याच्या गावात शेजारी एक म्हातारा होता. त्याच्या वावराखाली चुनखडी निघाली. नवी खाण पडणार, वावर विकलं जाणार, हे सगळ्या गावाला माहीत झालं. म्हाताऱ्याला दोन मुलं आणि एक मुलगी, मुलगी जवळच्याच गावात दिलेली. म्हातारा म्हणायचा, तिघांचंही सारखं. मग एका पावसाळ्यात तो तापानं गेला. पहाटेच गेला होता, पण घरात रडणं सुरू झालं दुपारी. मधल्या वेळात मुलांनी वसीयत लिहिली, बहिणीचं नाव वगळून, आणि साक्षीला याला बोलावलं.

"मले वाटलं बुढा जित्ता आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "खोटं कायले बोलू. दारातूनच समजलं. थोरल्यानं हात उचलला त पुरा खांदा संगं उठला."

"मग सही का केलीत?"

"त्यायनं म्हटलं, तुह्या पोराले खाणीत लावून देतो. पोट्टा चार साल घरी बसला होता." तो भोकातून पडद्याकडं बघत होता. "लावला बी. शब्द पाळला त्यायनं."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ही कोर्टकचेरीची गोष्ट, आणि मी परगावचा, नोकरदार माणूस. त्यानं हे मला सांगायला नको होतं असंच मनात आलं. रीळ बदलायचं निमित्त करून मी पाठ वळवली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ दुसऱ्या मशीनशी खटपट करत राहिलो.

"हा पिक्चर कधीपर्यंत आहे?" त्यानं मागून विचारलं.

"गुरुवार. शुक्रवारी बदलतो."

बुधवारी तो आला नाही. संध्याकाळी मालक केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "हे मढ्याचं रीळ गाळून टाक. लोकं बोंबलून राह्यले. पिक्चर बी लवकर सुटन." रीळ गाळणं टॉकीजमध्ये नेहमीचंच. मीही पुष्कळदा गाळलं होतं, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. बुधवारच्या सहाच्या शोला मी अकरावं रीळ गाळलं.

गुरुवारी बाराच्या शोला तो आला तेव्हा बरोबर एक बाई होती. चाळिशीची असेल. विटकं हिरवं लुगडं, कापूस वेचून वेचून चिरलेली बोटं. त्यानं तिला लेडीजच्या बाजूला बसवलं आणि स्वतः आपल्या भिंतीशी गेला. ती एकटीच त्या रिकाम्या बाकांमध्ये बसली, हात मांडीवर ठेवून, एसटीत बसतात तशी. ती कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

मी अकरावं रीळ लावलं. मालकांनी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. बाराच्या शोला सात माणसं होती, त्यात कोण काय बघतंय याच्याशी कोणाला घेणं नव्हतं.

ती बाई हलली नाही. पदर तोंडाला लावला नाही, मान वळवली नाही. तो मात्र उठला. दारापर्यंत गेला, दारावरच्या पडद्याचं कापड हातात धरून उभा राहिला आणि या वेळी बाहेर गेला नाही. सगळं तिथूनच, उभ्यानं पाहिलं.

शो सुटल्यावर मी खाली आलो. ती दोघं कडुनिंबाखाली होती. मी टपरीजवळ थांबलो, पण बोलणं ऐकू येत होतं.

"पायलं?" तो म्हणाला.

"पायलं."

"बाई, तो दारातला माणूस..."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बाच्या तोंडात पाणी घालाले वाकली तवा त्याचा हात धरला होता मी. अंगठा घासून पुसला होता. पण नखाच्या कोपऱ्यात शाई राह्यली होती."

तो तिच्याकडं बघत राहिला. "मंग इतके साल बोलली काऊन नाई?"

"कोणासंगं बोलू? भावाले विचारलं त मले घरी येणं बंद केलं. कागदावर तुह्यं नाव होतं. मी म्हटलं, हा शेजारचा दादा आहे, याच्या अंगणात मी लहानाची मोठी झाली, हा एक दिवस येईन आन् सांगन. दर दिवाळीले वाट पाह्यली. आन् तू मले पिक्चर दाखवाले आणलं."

"माह्यानं सांगनं होत नव्हतं."

"आता सांग."

"तू पायलं ना सारं..."

"तो त पिक्चर होता. तुले तोंड नाई काय? सांग."

मग त्यानं सांगितलं. भर दुपारी, सायकल स्टँडवाला पाच हातांवर उभा असताना, पहाटेपासून दुपारपर्यंतचं सगळं. माझ्यापुढं अडखळला होता तितका अडखळला नाही. पोराच्या नोकरीचं आलं तेव्हा मात्र त्याला शब्द सापडेनात. ती म्हणाली, "हं, पुढं." तो पुढं बोलला. सगळं झाल्यावर ती जमिनीवर बसली आणि तेव्हा रडली, फार वेळ नाही. मग उठून पदर झटकला आणि म्हणाली, "चाल. आता हेच त्यायच्यासमोर सांग."

ती पुढं आणि तो मागं असे दोघं रस्त्याला लागले. त्यानं एकदा वळून माझ्याकडं पाहिलं. मी बरोबर यावं असं त्याला वाटत असेल काय? तीनचा शो लावायचा होता. मी वर गेलो.

पुढचं बरंचसं मला त्याच्याच तोंडून कळलं. भावांनी त्याला वेडा ठरवलं. वसीयतीवर सही करणारा दुसरा साक्षीदार केव्हाच वारला होता. बाईनं राजुऱ्याला वकील गाठला आणि यानं कोर्टात साक्ष दिली. त्या दिवशी त्यानं मला सोबत म्हणून बोलावलं होतं, आणि या खेपेला मी गेलो. शर्टाची वरची गुंडी लावून तो उभा राहिला. समोरच्या वकिलानं विचारलं, तेव्हा खोटं बोलला होतात की आता बोलताय? तो म्हणाला, "तवा बोललोच नाई साहेब. नुसती सही केली." एवढं सोडून मला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. परतीच्या एसटीत आम्ही तिघं वेगवेगळ्या बाकांवर बसलो होतो.

निकाल लागायला वेळ होता. त्याआधीच भावांनी तडजोड केली. जुनं वावर तर खाणीत गेलेलंच होतं. त्याच्या जागी आता खोल खड्डा होता आणि पावसाळ्यात त्यात हिरवं पाणी साचायचं. नाल्यापलीकडचा एक तुकडा त्यांनी बहिणीच्या नावानं करून दिला. ती तिथं तूर पेरायला लागली.

त्याच्या मुलाची नोकरी मात्र गेली. कोणी काढली, कशी काढली, ते कधी उघड बोललं गेलं नाही. मुलानं त्याच्याशी बोलणं टाकलं. सून ताट वाढून उंबऱ्याजवळ ठेवायची आणि आत निघून जायची. गावातली माणसंही त्याला टाळायची. खोटी साक्ष दिली तेव्हा कोणी टाळलं नव्हतं.

मग तो आठवड्यातून दोनतीनदा माझ्याकडं यायला लागला. पिक्चर बघायचा नाही. पिंपावर बसायचा. कधी मी खिचडी टाकायचो, कधी तो पिशवीतून वांगी नाही तर शेंगा आणायचा. आमच्यात फार बोलणं होत नसे. पण शो संपल्यावर यंत्र बंद केलं की केबिनमध्ये एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येणं ही माझ्यासाठी नवी गोष्ट होती. एकदा त्यानं विचारलं, "तुमची बाई कुठी राह्यते?" मी सांगितलं. "तिले एकडाव भेटून या," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि गेलो नाही.

दोन हजारनंतर केबल आली, मग सीडीची दुकानं. रिकाम्या हॉलला पिक्चर दाखवणं मालकांना परवडेना. एका महिन्याच्या शेवटी त्यांनी सांगितलं की टॉकीज बंद करतो आहोत. चार दिवसांत मला खोली सोडायची होती. त्या चार दिवसांत तो आला नाही. त्याचं गाव सायकलनं अर्ध्या तासावर होतं. मी सामान बांधत राहिलो, मशीन पुसत राहिलो, आणि शेवटी न सांगताच चंद्रपूरला आलो. अब्बा तोवर गेले होते. दुकानात मी बॅटरी घालायची घड्याळं ठेवली. जाऊ, भेटून येऊ, असं करत दोन वर्षं गेली.

गेलो ते एका ओळखीच्याच्या लग्नानिमित्त. परतताना आठवडी बाजारात ती बाई दिसली. तुरीची डाळ घेऊन बसली होती. तिनं मला ओळखलं. "मशीनवाले भाऊ," म्हणाली. मी त्याच्याबद्दल विचारलं.

"गेला ना तो. मागच्या पावसाळ्यात."

काय झालं होतं, मी विचारलं. तिनं मापातली डाळ सारखी केली. "पोरानं गोठ्यात खाट टाकून देल्ली होती. पडूनच राहे. मी माह्या घरी नाई आणलं त्याले. मनच नाई झालं. खोटं कायले सांगू." मग म्हणाली, "पण डबा पाठवत होती. आखरीपर्यंत."

मागं गिऱ्हाईक उभं होतं. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "तुमाले पुसत होता तो. टॉकीजवर जाऊन आला होता म्हणे. कुलूप होतं."

मी तिच्याकडून डाळ घेतली. एसटी स्टँडवर आलो. चंद्रपूरची गाडी नुकतीच सुटली होती आणि पुढच्या गाडीला दीड तास होता. बाकावर जागा होती, पण मी उभाच राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठी जाता भाऊ?" मी सांगितलं. त्यानं आणखी काही विचारलं असतं तर मी बोललो असतो. त्याची गाडी आली आणि तो गेला.